गजाआडचे माग

विजापूरच्या असर महालात आदिलशाहीच्या काळापासूनचे काही गालिचे जपून ठेवलेले होते. सतराव्या शतकात मुहम्मद आदिलशहाने बांधलेली ही इमारत आधी न्यायासनासाठी होती. पुढे पैगंबरांचा केस तिथे ठेवला गेला आणि महालाला पवित्र स्थानाचं मोल आलं. आदिलशाही बुडाली, मोगल आले, पेशव्यांचा अंमल झाला, इंग्रज आले. गालिचे महालातच राहिले. एकोणिसावं शतक सरता सरता त्यांच्या नक्षीवरून पुन्हा गालिचे उतरू लागले, आणि ते विणणारे हात होते पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगातल्या कैद्यांचे. सुलतानाच्या महालातली फुलं आणि वेलबुट्टी जन्मठेपेच्या माणसांनी पुन्हा फुलवली.

त्या गालिच्यांचा बराच बोलबाला झाला. १९०२-०३ मध्ये दिल्ली दरबाराच्या निमित्ताने भरलेल्या कलाप्रदर्शनावर जॉर्ज वॉट यांनी जो जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात तुरुंगांतल्या गालिच्यांची दखल आहे. १९०७ साली एच. जे. आर. ट्विग या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या गालिचे-विणकामावर सरकारसाठी एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. पण त्याच तुरुंगांतल्या मागांवर आणखी एक वस्तू विणली जात होती. तिच्यासाठी कोणाला प्रदर्शन भरवावंसं वाटलं नाही. तिच्यावर आपण सगळे बसलो, जेवलो, झोपलो, भजनं म्हटली, निवडणुकीच्या सभा ऐकल्या. मला सांगायची आहे ती या सतरंजीची गोष्ट.

सतरंजीकडे दुर्लक्ष करण्याची रीत जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशहाच्या फरासखान्याचं वर्णन केलं. आग्रा, फतेहपूर आणि लाहोरच्या गालिच्यांची त्याने स्तुती केली. जाजम, सतरंजी, बलुची आणि रेशमासारख्या दिसणाऱ्या चटया यांपर्यंत आल्यावर मात्र त्यांचं वर्णन करायला फार वेळ लागेल, असं म्हणून तो पुढे गेला. एवढा बारकाईने लिहिणारा माणूस, आणि नेमका इथेच त्याचा हात आखडला! तरी त्याचे आभार मानायला हवेत. नाव घेतल्यामुळे निदान इतकं कळतं की चारशे वर्षांपूर्वी ही वस्तू बादशाही कोठारात होती आणि तिला हेच नाव होतं.

पेशव्यांचाही फरासखाना होता. तंबू, कनाती, गालिचे, जाजमं, सतरंज्या यांचं ते कोठार. पुण्याच्या बुधवार पेठेत आज ज्याला आपण फरासखाना पोलीस ठाणं म्हणतो, त्याच्या नावात ते कोठार शिल्लक आहे. लग्नकार्य असो, दरबार असो की स्वारीतला मुक्काम, आधी फरास यायचे, जमीन झाडायचे आणि बिछायत घालायचे. सगळ्यात खाली सतरंजी, तिच्यावर मानाप्रमाणे जाजम, गालिचा, गादी, लोड. म्हणजे जितका माणूस मोठा तितकी सतरंजी त्याच्यापासून दूर. उघड्या सतरंजीवर बसणारे ते आपण.

ही वस्तू बनते कशी, ते सांगितल्याशिवाय पुढची हकीकत उलगडणार नाही. गालिच्यात उभ्या धाग्यांवर लोकरीच्या किंवा रेशमाच्या गाठी मारतात, त्या कापून सारख्या करतात आणि त्यांची मऊ लव वर येते. सतरंजीत गाठ नाही आणि लवही नाही. जाड सुताचा ताणा मागावर घट्ट ताणायचा, त्यातून बाण्याचा धागा आडवा घालायचा आणि लोखंडी पंजाने तो इतका ठोकायचा की ताणा दिसेनासा होतो. जे दिसतं ते सगळं बाण्याचं. पट्टे विणायचे तर काम सोपं असतं, एक रंग संपला की दुसरा सुरू. पण चौकट, फूल, मोर, सोंगट्यांचा पट काढायचा असेल तर एकाच ओळीत रंग बदलावे लागतात. मग प्रत्येक रंगाची गुंडी वेगळी, आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे त्यांना एका ताण्याभोवती वळवून एकमेकांत गुंतवायचं, नाहीतर तिथे फट राहते. इराण-तुर्कस्तानातल्या किलीम नावाच्या बिनगाठीच्या अंथरुणांत अशा फटी मुद्दाम ठेवतात आणि त्यांतूनच नक्षीच्या रेषा धारदार होतात. आपल्याकडच्या सतरंजीत सहसा फट ठेवत नाहीत, कारण ती अंथरायची, झटकायची, धुवायची आणि पुन्हा अंथरायची असते. नीट विणलेल्या सतरंजीला उलट-सुलट बाजू नसते. एक बाजू मळली की पालथी घाला.

हे काम बाजारातल्या विणकराच्या घरात होत असे, तेव्हा मागाची रुंदी घराच्या खोलीएवढी. धारवाड जिल्ह्यातलं नवलगुंद त्या वेळी मुंबई इलाख्यातच होतं. तिथल्या मुसलमान घरांतल्या बायका उभ्या मागावर जमखाने, म्हणजे तिकडच्या सतरंज्या, विणत आल्या आहेत. आपली घराणी विजापूरहून तिकडे आली, असं त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. सोंगट्यांचा पट ही त्यांची खास नक्षी. कसब घराबाहेर जाऊ नये म्हणून ते लेकीला न शिकवता सुनेला शिकवायचं, असा तिथला दंडक. आता त्या जमखान्यांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कोल्हापूर-बेळगावकडच्या मराठी घरांत ‘जमखाना’ हा शब्द अजून ऐकू येतो, तो याच कापडाच्या वाटेने आला असावा.

घरच्या मागाची ही मर्यादा तुरुंगाला नव्हती. तिथे लांबच लांब छपऱ्या होत्या, आणि एका मागावर ओळीने बसायला माणसं होती. त्यांना मजुरी द्यायची नव्हती आणि त्यांच्या हाताशी वेळच वेळ होता. राजवाड्याचा दिवाणखाना एका तुकड्यात झाकेल अशा अवाढव्य सतरंज्या एकोणिसाव्या शतकात तुरुंगांतून बाहेर पडू लागल्या, त्याचं कारण हेच.

तुरुंगात माग शिरले ते सरकारच्या आधीच्या धोरणाविरुद्ध. १८३८ साली तुरुंग-शिस्त समितीने अहवाल दिला. मेकॉलेच्या पुढाकाराने ही समिती नेमली गेली होती. कैद्यांना साखळदंड घालून रस्त्याच्या कामावर नेण्याची पद्धत तिला पसंत नव्हती. त्यांना भिंतींच्या आत ठेवा आणि कंटाळवाणी, जीव विटेल अशी मेहनत करायला लावा, असा तिचा कल होता. कामात कैद्याला रस वाटला तर शिक्षेची धार जाते, असं ते तर्कशास्त्र. पण तुरुंग चालवणाऱ्यांपुढे रोजचा प्रश्न खर्चाचा होता. जातं ओढणाऱ्या कैद्याकडून तिजोरीत फारसं काही येत नाही, विणणाऱ्या कैद्याकडून येतं. त्यातच १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात वरंगळसारख्या ठिकाणचे गालिचे विलायतेने पाहिले आणि हिंदुस्थानी गालिच्यांना मागणी आली. आग्रा, लाहोर, बिकानेर, जयपूर, अहमदाबाद अशा ठिकाणच्या तुरुंगांत माग उभे राहिले. येरवड्याचा तुरुंग १८७१ चा. तोही या रांगेत आला.

या व्यापाराचं टोक पाहायचं तर आग्र्याकडे पाहावं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, त्या निमित्ताने आग्र्याच्या तुरुंगात एक गालिचा विणायला घेतला. १८९४ मध्ये तो विंडसरच्या किल्ल्यात पोहोचला. सुमारे ८० फूट लांब, ४० फूट रुंद आणि वजन दोन टनांच्या घरात. तो तिथल्या वॉटर्लू दालनात आजही आहे. ज्यांनी त्याची एकेक गाठ मारली त्यांतल्या एकाचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही.

या सगळ्यावर सर्वांत कडक टीका केली ती जॉर्ज बर्डवूड यांनी. १८३२ साली बेळगावात जन्मलेला हा डॉक्टर. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने शिकवलं आणि भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासोबत खस्ता खाल्ल्या. इंग्लंडला परतल्यावर १८८० मध्ये त्याने हिंदुस्थानातल्या हस्तकलांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. तुरुंगांच्या स्पर्धेने स्वतंत्र विणकर बुडतो आणि स्वस्त मालाच्या नादात नक्षी, रंग आणि सूत तिन्ही बिघडतात, हे त्याचं गाऱ्हाणं होतं. ते रास्तच होतं. ज्याला मजुरी द्यावी लागत नाही अशा कारखान्याशी घरी बसून विणणारा माणूस भावात कसा टिकणार?

रंगांच्या बाबतीत मात्र सगळा दोष तुरुंगाच्या माथी मारता येत नाही. आपल्याकडे सुताला लाल रंग यायचा तो आलीच्या मुळांपासून. खानदेश-वऱ्हाडात आलीची लागवड होत असे. निळा रंग निळीचा. तो देणारे निराळी हे स्वतंत्र जातीचे रंगारी पुणे, नगर, सोलापूर भागात होते. हरडा, हळद, लोखंडाचा कीस, तुरटी यांच्या मेळातून बाकीचे रंग निघत. १८५६ साली इंग्लंडमध्ये पर्किनने कोळशाच्या डांबरापासून पहिला कृत्रिम रंग काढला. १८६८-६९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरिन प्रयोगशाळेत तयार केलं आणि आलीच्या शेतीचा पायाच उखडला. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. रंगाऱ्याचं महिन्याभराचं काम पुडीतल्या भुकटीने काही तासांत होऊ लागलं. तुरुंगाने ती भुकटी वापरली तशी बाजारानेही वापरली. सुताचंही तेच झालं. मुंबईत १८५४ पासून गिरण्या निघाल्या आणि घरोघरच्या चरख्यावरचं खालीवर जाडीचं सूत मागं पडून गिरणीचं एकसारखं सूत मागावर चढलं. आज एखादी जुनी सतरंजी हातात आली की पारखी माणूस पहिल्यांदा सूत बघतो, मग लाल रंग. या दोन गोष्टींतून तिचं साधारण वय कळतं.

आणि तरीही मला बर्डवूडचं म्हणणं अर्धंच पटतं. त्याच्या डोळ्यांपुढे गालिचा होता. गालिचा ही श्रीमंतांची वस्तू, ती परदेशी गिऱ्हाइकाच्या आवडीनुसार वाकवली गेली. सतरंजीला परदेशी गिऱ्हाईक नव्हतं. तिचं मुख्य गिऱ्हाईक खुद्द सरकार होतं. खासगी विणकरांची ओरड वाढली तसं तुरुंगातला माल सरकारी खात्यांच्याच गरजा भागवण्यासाठी असावा, हे धोरण पक्कं होत गेलं. मग कचेऱ्या, कोर्टं, पोलिसांच्या लाइनी, इस्पितळं आणि शाळा यांना सतरंज्या तुरुंगातून जाऊ लागल्या. या कापडावर नक्षीची हौस नव्हती. निळे-पांढरे पट्टे, फार तर कडेला लाल. पण वीण घट्ट आणि सूत भरपूर. गिऱ्हाइकाला खूश करण्याचं दडपण नसल्यामुळे पट्ट्यांची जुनी, साधी, नेमकी मांडणी त्या सतरंज्यांत टिकली. आज कलासंग्राहक ज्यांच्यासाठी पैसे मोजतात त्या निळ्या-पांढऱ्या सतरंज्यांचं सौंदर्य या दुर्लक्षातून वाचलेलं आहे.

पट्ट्यांचं आणखी एक कारण आहे. गालिच्याचं काम हाताला बसायला फार काळ लागतो, म्हणून ते लांब मुदतीच्या कैद्यालाच शिकवणं परवडतं. पट्ट्याची सतरंजी नवखा माणूसही लवकर विणू लागतो. चोरी, मारामारी, दारू गाळण्याच्या गुन्ह्यात थोड्या मुदतीसाठी आत आलेल्याच्या हाती असं काम देता येतं. गालिचा जन्मठेपेच्या कैद्याचा, तर सतरंजी चार-सहा महिन्यांसाठी आत गेलेल्या शेतकऱ्याची, कातकऱ्याची, कोळ्याची.

इथे मला आमचं आपटा आठवतं. पाताळगंगेच्या काठचं, पनवेल तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना माहीत आहे ते हिंदी सिनेमांत दिसलेल्या रेल्वे स्टेशनामुळे. पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, त्यानंतर कुलाब्यात गेला. तेव्हा या बाजूच्या माणसाला शिक्षा झाली तर त्याची वाट ठाण्याच्या किल्ल्याकडे जात असे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला आणि १७७४ मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेला हा किल्ला एकोणिसाव्या शतकात तुरुंग झाला आणि आजही तुरुंगच आहे. भाताच्या खाचरात वाढलेला, आयुष्यात कधी मागाजवळ न बसलेला माणूस भिंतीच्या आत गेला की सरकार सांगेल ते काम शिकायचा. सुटून आल्यावर त्या विद्येचा गावात उपयोग शून्य, कारण गावात माग नाही, सूत घ्यायला पैसा नाही. तुरुंगातल्या विणकामाचं हे सगळ्यात मोठं अपयश मला वाटतं. कसब शिकवलं आणि ते वापरायची जागा दिली नाही.

आमच्या बाजूला विणलेलं अंथरूण-पांघरूण म्हणजे घोंगडीच. दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणातल्या मोकळ्या शेतांत बसतात. त्यांच्या खांद्यावरची काळी घोंगडीही खरं तर सपाट विणीचंच कापड आहे, दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, सणगरांनी चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेलं. घोंगडीला देव आहे, ओव्या आहेत, वारी आहे. सतरंजीला यांतलं काही मिळालं नाही. ती गावात आली सरकारी शिक्का घेऊन, चावडीत आणि शाळेत. तिथून ती भजनी मंडळात, देवळाच्या सभामंडपात आणि लग्नाच्या मांडवात पोहोचली.

विसाव्या शतकात तुरुंगांत वेगळा विचार आला आणि वेगळे कैदीही आले. १९१९-२० मध्ये सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालच्या तुरुंग समितीने कैद्याला सुधारणं हा तुरुंगाचा हेतू मानला पाहिजे, असं स्पष्ट सांगितलं. १८३८ च्या कंटाळवाण्या मेहनतीपासून इथवर यायला ८० वर्षं लागली. त्यानंतर थोड्याच काळात, १९२२ मध्ये, गांधीजी येरवड्यात आले. १९३० मध्ये ते पुन्हा आले तेव्हा तिथून आश्रमाला पाठवलेल्या पत्रांवर त्यांनी ‘येरवडा मंदिर’ असं लिहिलं. पेटीत मिटणाऱ्या, प्रवासात नेता येणाऱ्या चरख्याला ‘येरवडा चरखा’ हे नाव मिळालं ते याच तुरुंगावरून. ज्या आवारात साठ वर्षं शिक्षा म्हणून सूत हाताळलं जात होतं, तिथे एक माणूस व्रत म्हणून सूत काढत होता. मराठी माणसाने या गोष्टीकडे पुरेसं लक्ष दिलेलं नाही. येरवडा म्हटलं की आपल्याला १९३२ चा पुणे करार आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. पण त्या भिंतींच्या आत कापडाचाही एक इतिहास आहे.

स्वातंत्र्यानंतर सतरंजी होती तिथेच राहिली. बदल झाला तो राजवाड्यांत. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि वाड्यांतलं जुनं सामान बाजारात उतरू लागलं. झुंबरं आणि चांदी गेल्यावर कोठीतल्या गुंडाळलेल्या सतरंज्याही निघाल्या. त्याच सुमारास मुंबईच्या श्याम अहुजा यांनी सतरंजीला फिक्या, मवाळ रंगांत नव्याने विणवून अमेरिकेच्या बाजारात नेलं आणि तिथल्या दिवाणखान्यांत तिला जागा मिळवून दिली. १९८२ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड ब्लॅक आणि क्लाइव्ह लव्हलेस या व्यापाऱ्यांनी स्टीव्हन कोहेन या अभ्यासकाचं पुस्तक काढलं. हिंदुस्थानातल्या सपाट विणीच्या कापडावरचा हा पहिला नेटका अभ्यास, आणि त्याच्या नावातच या वस्तूची कदर झाली नाही अशी खंत आहे. १९९९ मध्ये अहुजांचंही पुस्तक आलं. अबुल फजलने सोडून दिलेलं वर्णन लिहायला जवळजवळ चारशे वर्षं गेली, आणि ते लिहिलं लंडनमधल्या माणसाने.

आपण मात्र काही केलं नाही. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे जमवले आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. त्यांच्यामुळे मराठी घरातली साधी वस्तू संग्रहालयात मानाने बसली. सतरंजीच्या वाट्याला असा माणूस यायला हवा होता. कापड नाशवंत, जागा खाणारं, आणि तुरुंगातलं म्हणून अंगाला चिकटलेला कमीपणा. या तिन्हींमुळे तिला कोणी हात लावला नसेल. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत आजही सतरंज्या विणल्या जातात आणि तुरुंग विभागाच्या विक्री केंद्रांत विकत मिळतात. त्या घ्यायला लाज वाटण्याचं कारण नाही.

माझी विनंती जुन्या सतरंज्यांबद्दल आहे. प्लॅस्टिकच्या चटया आणि मांडववाल्यांची कार्पेटं आल्यापासून देवळांच्या माळ्यांवर, बंद पडलेल्या शाळांच्या खोल्यांत, तालीमखान्यांत आणि मोठ्या घरांच्या अडगळीत त्या कुजत पडल्या आहेत. कार्यकारी मंडळ बदललं की पहिल्यांदा याच बाहेर जातात, आणि पुसणी म्हणून फाडल्या जातात. फाडण्याआधी एकदा उजेडात उलगडून पाहा. सूत खालीवर जाडीचं आहे का, निळा रंग कुठे गडद कुठे फिका असा खेळतो आहे का, कडेला विणीतच एखादं नाव, अक्षर किंवा साल आहे का, ते बघा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, लांबी-रुंदी लिहा, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ती कुठून आली ते विचारा आणि त्यांचं उत्तर तारखेसह लिहून ठेवा. ब्लीचमध्ये घालू नका, घडी घालून कोंबू नका. सावलीत वारा देऊन, कोरड्या कापडासकट गुंडाळून ठेवा म्हणजे कसर लागणार नाही. आपटा, रसायनी, पनवेलच्या परिसरातल्या मंडळांनी यापासून सुरुवात करावी. येत्या गणपतीत सभामंडपाची साफसफाई होईल, तेव्हाच हे करता येईल.